दारातच अडकलेला जावई

संध्याकाळी लॅबमधून सुलतान बाजारला परत जाताना आमचे सर बसमध्ये चढले की त्यांना बसायला जागा मिळायचीच. बस कितीही भरलेली असो. वयाचा मान म्हणून नव्हे. सरांच्या अंगाला मासळीचा वास यायचा. शेजारचा माणूस आधी खिडकीकडं तोंड करायचा, मग रुमाल काढायचा आणि पुढच्याच स्टॉपला उतरायचं असल्यासारखा उठून दारात जाऊन उभा राहायचा. सर ऐसपैस बसायचे आणि मला हाक मारायचे, "ये गं, बस. अमाइनची मेहेरबानी."

सरांनी आयुष्यात मासा चाखलेला नव्हता. बेकरीतून केक आणला तर त्यात अंडं आहे का हे दोनदा विचारून मगच तोंडात टाकणारा हा माणूस. पण नोकरी रसायनशास्त्राची आणि त्यातही अमाइनांची. अमाइन म्हणजे नायट्रोजन असलेल्या संयुगांचं एक मोठं घराणं. आपल्या घरातल्या अर्ध्याअधिक गोळ्यांमध्ये ते कुठं ना कुठं असतं, आणि सडलेल्या मासळीला जो वास येतो तोही त्यातल्याच काही मंडळींचा. सर दिवसभर त्यांच्या संगतीत असायचे. घरी परतताना गल्लीतल्या मांजरी त्यांच्या मागं चालायच्या. सर वळून त्यांना समजावायचे, "काय बी नाही माझ्याजवळ. फुकट परेशान होऊ नका." मांजरींचा विश्वास बसत नसे.

मी पुण्याहून पीएच.डी.साठी हैदराबादला आले तेव्हा मुलाखतीत सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा :

"श्वास घे. आता सोड."

मी सोडला.

"काय सोडलंस?"

"कार्बन डायऑक्साइड."

"सोडलंस न्हाई, फेकलंस!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "चांगला धडधाकट कार्बन हाय त्यात. सगळी दुनिया फेकायलीय. गाड्या फेकायल्यात, कारखाने फेकायलेत, आता तू पुण्याहून येऊन फेकलास. आपल्याला तो कामाला लावायचा हाय. लावशील?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग त्यांनी मला मराठीतून उत्तरं दिल्याबद्दल शाबासकी दिली आणि म्हणाले, "माझी मराठी निजामानं बिघडवली. तुझीला इतकी कडक इस्त्री कुणी केली?"

सरांचे आजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातली शेती भावांवर सोपवून शहरात आलेले. तेव्हापासून घर सुलतान बाजारात. त्यामुळं सरांच्या एका वाक्यात आजोबांची मराठी, शेजाऱ्यांची दख्खनी आणि भाजीवालीची तेलुगू सुखानं नांदत असे. "हौ" म्हणजे हो, "नक्को" म्हणजे नको, आणि प्रयोग बिघडला की "अय्यो रामा". माझी सहकारी श्रावणी तेलुगू, तिला मराठी येत नव्हतं. पण सरांचं मराठी तिला माझ्या मराठीपेक्षा जास्त कळायचं.

आम्हाला जे करायचं होतं ते सांगायला सोपं आहे. औषधं बनवताना अमाइनाला पुष्कळदा एका कार्बनची टिकली लावावी लागते. त्या टिकलीला मिथाइल म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत ती लावायला वापरतात ती द्रव्यं जहाल विषारी. सरांचं म्हणणं, हा एक कार्बन आपण कार्बन डायऑक्साइडमधूनच घेऊ. सोबतीला हायड्रोजन देऊ, म्हणजे बाहेर पडेल ते साधं पाणी. विष नाही, धूर नाही. अडचण एकच. कार्बन डायऑक्साइडला कसलीच हौस नसते.

"हा वायू म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई हाय," सर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत. "पोट भरलेलं. दोन्ही हातांत दोन ऑक्सिजन धरून गादीवर लोड घेऊन बसलेला. त्याला काय पडलीय? त्याला उठवायचं तर दाब पायजे, शेक पायजे, आणि मधी घालायला एक चलाख मेहुणी पायजे. मेहुणी म्हणजे आपला उत्प्रेरक. ती येती, जावयाला बोलण्यात गुंतवती, त्याच्या हातातला ऑक्सिजन कधी काढून घेतला त्याला कळत बी नाही. आणि काम झालं की ही परत मोकळी, पुढच्या जावयाकडं."

हे ऐकून एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं की सर, यात सासूची भूमिका काय? सर क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "सासू म्हणजे मी."

सरांना सोडा पिणाऱ्यांचा राग यायचा. नारायणगुड्याला एका बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, आम्ही लिंबू सोडा प्यायला थांबायचो. बाटली फुटून फस्स आवाज झाला की सर कळवळायचे. एकदा त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या ग्लासवर आपला तळहात ठेवला. "मियाँ, हल्लू हल्लू पियो. पूरा गैस उड जारा." तो माणूस सरांकडं बघत राहिला, मग त्याला वास आला, आणि ग्लास तिथंच ठेवून तो निघून गेला. सर उरलेल्या बुडबुड्यांकडं बघत उभे.

ज्या भांड्यात आम्ही हे सगळं शिजवायचो ते जाड पोलादाचं, बोल्टांनी आवळलेलं. सर त्याला कुकर म्हणत. दोन नळ्या त्याला जोडलेल्या, एक हायड्रोजनची आणि एक जावयाची. जावयाच्या नळीवरच्या काट्याकडं बघून ठरलेला दाब द्यायचा, मग हायड्रोजन सोडून कुकरचा आपला काटा लाल खुणेपर्यंत न्यायचा आणि शेगडी लावायची. आत अमाइन, काळपट पूड असलेली मेहुणी, आणि सगळं विरघळायला मिथेनॉल. पुष्कळ महिने काहीच होत नव्हतं. आणि मग एका सोमवारी झालं! कुकर उघडला तर जवळजवळ सगळ्या अमाइनाला टिकली लागलेली. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा लागली. सरांनी बेगम बाजारातून बालूशाहीची करंडी आणून पूर्ण मजल्यावर वाटली. लेख लिहिला गेला, मासिकानं तो स्वीकारला. माझा प्रबंध त्यावर उभा राहिला. शहरात भरणाऱ्या मोठ्या परिषदेत सरांना व्याख्यानाचं बोलावणं आलं. तिथं सरांचे एक जुने सहाध्यायी अध्यक्ष होते. ते वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइडला "मरा हुआ गैस" म्हणून सरांना चिडवायचे. त्यामुळं सरांनी नवीन शर्ट शिवायला टाकला.

त्याच सुमारास सरांच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

मुलगी आयटीत. मुलगाही तिच्याच ऑफिसातला, पुण्याच्या घरातला. दोघांनी आपसांत ठरवलेलं होतं, फक्त मोठ्यांनी एकमेकांना बघायचं बाकी होतं. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले. तपासनीस होते. शाखेत ते शिरले की मॅनेजर पाणी मागायचे, असं मुलीनं आम्हाला सांगून ठेवलं होतं. घर शुद्ध शाकाहारी, आणि नुसतं शाकाहारी नव्हे, त्याचा अभिमान असलेलं.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, आठवडाभर आधी फर्मान काढलं. रविवारी पाहुणे येणार, शनिवारपासून सरांना लॅब बंद. लॅबमधून येणाऱ्या प्रत्येकासाठी त्यांच्या दारात कापलेल्या लिंबांची वाटी असायचीच. आत येण्याआधी हात, कोपर, मान चोळून घ्यायची. त्या रविवारी वाटीच्या जागी टोपलं ठेवलं होतं. मला आणि श्रावणीला मदतीला बोलावलं होतं. मिरची भजी, खुबानीचा, म्हणजे जर्दाळूंचा, मीठा, आणि पुण्याच्या माणसांना परकं वाटू नये म्हणून खास पोहे.

पाहुणे यायच्या थोडं आधी सर दिसेनात. कुकरचं सील गळतंय असा लॅबमधून कुणाचा तरी फोन आला होता आणि ते "आलोच" म्हणून गेले होते. आले ते पाहुण्यांच्या पाठोपाठ, त्याच जिन्यानं, दोन मांजरींसह.

"नमस्कार, नमस्कार," म्हणत सर मुलाच्या वडिलांशेजारी सोफ्यावर बसले. काकूंनी डोळे मिटून घेतले.

मुलाचे वडील बोलता बोलता थांबले. त्यांनी हळूच एकदा उजवीकडं हुंगलं, एकदा डावीकडं. तपासनीसच ते. मग अतिशय सभ्य आवाजात म्हणाले, "आपल्याकडं... मासे वगैरे होतात वाटतं?"

"छे छे!" सर खूश होऊन म्हणाले. कुणी आपल्या विषयाचं काही विचारलं की ते खूश होत. "मासे नव्हेत हो. अमाइन!"

"अमाइन?" मुलाच्या आईनं विचारलं. "हा इकडचा मासा का? आम्ही आपलं बांगडा, पापलेट एवढीच नावं ऐकून आहोत."

"मासा न्हाई वहिनी, रसायन. आत्ता दाखवतो." सर उठले, टोपल्यातून अर्धं लिंबू उचललं आणि आपल्या शर्टाच्या बाहीवर खसाखसा चोळलं. मग ती बाही त्यांनी मुलाच्या वडिलांच्या नाकाखाली धरली. "घ्या वास. आला?"

"नाही बुवा," ते जरा मागं सरकून, पण प्रामाणिकपणं म्हणाले. "गेला की!"

"गेला न्हाई, लपला. लिंबातल्या आम्लानं अमाइनाला धरून त्याचं मीठ केलं. मिठाला वास नसतो."

मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. काकूंनी डोळे उघडले. भज्यांची प्लेट पुढं झाली. इथं सर थांबले असते तर सगळं तिथंच जुळलं असतं. पण अर्धा प्रयोग दाखवून थांबणं सरांच्या धर्मात बसत नव्हतं.

"आता खरी गंमत," असं म्हणून ते मोरीत गेले आणि धुण्याच्या सोड्याचा डबा घेऊन आले. काकू "अहो, नको" म्हणेपर्यंत चिमूटभर सोडा आणि पाणी त्याच बाहीवर पडलं होतं. "बघा, सोड्यानं मीठ फोडलं. अमाइन पुन्हा मोकळं!"

मोकळं झालं ते सगळ्या दिवाणखान्यात. दोन्ही मांजरी खिडकीवर चढल्या. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला, पोह्यांची ताटली तशीच खाली ठेवली. मुलाचे वडील उठत म्हणाले, "छान. बरंच शिकायला मिळालं. कळवतो आम्ही."

ते गेल्यावर मुलगी खोलीत जाऊन दार लावून बसली. काकू सरांशी दोन दिवस बोलल्या नाहीत. सरांना एकच कोडं पडलं होतं. "प्रयोग तर यशस्वी झाला," ते मला म्हणाले. "मग त्यांचं बिनसलं कुठं?" शेवटी त्यांनीच उपाय काढला. परिषदेचं आमंत्रण मुलाच्या वडिलांना पाठवून दिलं. अमाइन नावाचं काही जगात असतं आणि मोठमोठे लोक त्यावर व्याख्यानं ऐकायला येतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसावं म्हणून.

व्याख्यानाच्या आदल्या आठवड्यात औषध कंपनीची काही माणसं कुकर बघायला येणार होती. पाहुण्यांसाठी कुकर लखलखीत करायचं सरांनी मनावर घेतलं. पाना घेऊन स्वतःच नळ्या सोडवल्या. हायड्रोजनची नळी डोळ्याला लावून खिडकीकडं धरली. पलीकडचं गुलमोहराचं झाड गोल दिसलं. मग जावयाची नळी लावली. काहीच दिसलं नाही.

सर नळी उलटी करून पाहू लागले. मग तार घेऊन आत घातली. कुकरच्या तोंडाशी, जिथं नळी आत जाते तिथं, पांढरा खडूसारखा दट्ट्या बसलेला होता. तारेनं तो फुटून टेबलावर सांडला. अमाइनची वाफ कधीतरी नळीत चढली होती, तिथं तिची जावयाशी गाठ पडली होती, आणि दोघांचं मिळून घट्ट मीठ होऊन बसलं होतं.

"कब से होगा?" श्रावणीनं विचारलं.

सरांनी नळीवरून बोट फिरवत काट्याच्या जागेपर्यंत नेलं. काटा नळीवर होता, दट्ट्या काट्याच्या पुढं होता. काटा दाब दाखवत राहिला आणि आत वायू जातच नव्हता. कुकरच्या आपल्या काट्यावरची कमतरता हायड्रोजन भरून काढत होता.

सरांनी त्याच दिवशी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर कुकरपासून सोडवून कोपऱ्यात उभं केलं आणि त्याच्याशिवाय प्रयोग लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी कुकर उघडला. अमाइनाला टिकली लागलेली होती. नेहमीइतकीच, सुंदर.

मग ही टिकली आली कुठून? मिथेनॉलमधून. नुसतं विरघळवायला म्हणून घातलेला, बिचारा, कुणी ज्याच्याकडं बघितलं नव्हतं तो मिथेनॉल आपल्या पदरचा कार्बन देत होता. असं होऊ शकतं हे जगाला आधीपासून माहीत होतं. त्यात नवं काही नव्हतं. आमचं नवं जे होतं ते त्या पांढऱ्या खडूबरोबर टेबलावर सांडलेलं होतं.

सर स्टुलावर बसले. बराच वेळ हातातली नळी बोटांत फिरवत राहिले. मला रडू येत होतं, श्रावणी पाठीवर हात ठेवून उभी होती. मी विचारलं, "सर, आता?"

"बारसं उरकलं, बालूशाही वाटली," सर म्हणाले, "आणि जावई दारातच."

विभागाचे प्रमुख धावत आले. भला माणूस, सरांवर त्यांचा जीव होता. दार लावून ते म्हणाले, "सर, लेक्चर हो जाने दो. उसमें थोडा गोल गोल बोलो. पेपर का बाद में देखेंगे. लडकी का पीएच.डी. भी है, आपके घर में शादी का भी चल रहा." सगळं खरं होतं. सरांनी शांतपणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हौ साब." प्रमुख निर्धास्त होऊन गेले. ते गेल्यावर सरांनी संगणक उघडला, लेख मागं घेत असल्याचं मासिकाला कळवलं, आणि मला म्हणाले, "तुझं एक वर्ष वाढंल. तुझ्या घरी मी फोन करू का?" त्यांनी खरंच केला. माझ्या वडिलांना त्यांची भाषा अर्धीच कळली, पण फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "जाऊ दे, वाढू दे वर्ष."

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. सर नव्या शर्टात, लिंबाचा घमघमाट सुटलेला. मुलाचे वडील मधल्या रांगेत, हाताची घडी घालून. काकू आणि मुलगी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. प्रसंग पडला तर निघता यावं म्हणून.

सुरुवात सरांनी झकास केली. जावई, लोड, मेहुणी. लोक हसले. मग त्यांनी त्या सुंदर निकालाचं चित्र पडद्यावर दाखवलं, आणि प्रमुखांनी मान हलवून समाधान व्यक्त केलं. सर म्हणाले, "ये रिजल्ट गलत है."

प्रमुखांची हलणारी मान थांबली.

"रिजल्ट सच्चा है, मतलब गलत है," सर पुढं म्हणाले आणि पुढच्या चित्रात ती नळी दाखवली, पांढऱ्या दट्ट्यासकट, भिंतीएवढी मोठी. "दामाद घर में आयाइच नै. दरवाजे में अटक को बैठा था. अंदर का पूरा काम मिथेनॉल कर रहा था, और हम मिठाई दामाद के नाम पे बाँट दिए." मग त्यांनी इंग्रजीतून, पायरी पायरीनं, चूक कुठं झाली, आपण काय तपासायला हवं होतं आणि ते का तपासलं नाही, हे सगळं सांगितलं. चूक सांगताना त्यांचा आवाज तसाच होता, जसा लिंबू आणि सोडा दाखवताना होता. उत्साहाचा.

प्रमुखांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षस्थानी बसलेले जुने सहाध्यायी माइककडं झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर अनेक वर्षांचं हसू होतं. "तो मियाँ, आज की तारीख में तुम्हारे हाथ में क्या है?"

सरांनी पडद्यावरच्या नळीकडं बोट केलं. "नली साफ है, साब."

आधी कुणीतरी मागून हसलं, मग सगळे हसले, आणि हसता हसता टाळ्या कधी सुरू झाल्या कळलं नाही. अध्यक्षही वाजवत होते. सर गोंधळून पडद्याकडं बघत होते. त्यांना वाटलं चित्र उलटं लागलंय.

बाहेर चहाच्या वेळी मुलाचे वडील गर्दीतून वाट काढत आले. काकू मुलीला घेऊन खांबामागं सरकल्या होत्या.

"मी आयुष्यभर तपासणी केली," ते सरांना म्हणाले. "लोकांनी लपवलेलं शोधून काढायचं, हेच काम. आपणहून पडद्यावर मांडणारा माणूस मला निवृत्तीनंतर भेटला." ते थोडं अडखळले. "तेव्हा ते मासे नव्हते, हे मला पटलं."

"अमाइन," सर म्हणाले.

"हो, तेच. पुढच्या रविवारी बैठकीला येऊ का? फक्त एक विनंती आहे."

"बोला."

"तो सोड्याचा डबा वहिनींकडं कुलपात राहू दे."

लग्न थाटात झालं. सरांना आठवडाभर लॅबची बंदी होती आणि त्यांनी ती पाळली. जावई मात्र त्यांच्या कल्पनेत बसेना. पहिल्याच दिवाळसणाला तो उठून स्वतःची ताटली घासायला गेला, काकूंना दळण आणून दिलं, वर जाऊन पाण्याच्या टाकीचा नळ दुरुस्त केला. सर अस्वस्थ. "अशानं माझं लेक्चर बिघडतंय," ते मला म्हणाले. पुढच्या बॅचपासून त्यांनी जावयाऐवजी व्याही म्हणायला सुरुवात केली. व्याह्यांना ते कळल्यावर त्यांनी मात्र एकदाच, तपासनिसाच्या आवाजात, "उपमा मागं घ्या" असं सांगितलं.

माझं वर्ष वाढलं. आम्ही मिथेनॉल काढून टाकला, ज्याच्यात द्यायला कार्बनच नाही असा द्रावक घेतला, म्हणजे पाणी. मेहुणी बदलली. दोन काट्यांचे तीन केले. पुन्हा कितीतरी दिवस काही नाही. मग एका सकाळी थोडंसं काही दिसलं. अगदी थोडं, पहिल्या निकालापुढं कुणी त्याला निकाल म्हटलं नसतं. सरांनी खास खूण असलेल्या कार्बनचा महाग वायू मागवला. टिकली खरंच कार्बन डायऑक्साइडमधून आली असेल तर ती खूण टिकलीत दिसायला हवी, बाकी कुठंच नाही.

मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर श्रावणी, मी आणि सर वाकून बघत होतो. रेघ सरळ जात होती. आणि मग जिथं यायला हवं तिथंच, एक टोक वर आलं. बारीक पण स्वच्छ.

श्रावणीनं मला मिठी मारली. आम्ही दोघी तिथंच उड्या मारू लागलो. सर पडद्यापासून हलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा बघितलं. चेहऱ्यावर काही नाही.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला गं. लई झाला," सर म्हणाले आणि खुर्ची मागं सरकवून उठले. "पण मागच्या टायमाला बी एवढाच झाला होता. चल, नळी सोडव. पुन्हा एकदा बघू."